महालक्ष्म्यांच्या पातेल्यातले मासे

“अगं, पण तो मासाच नाहीये,” केशवराव पुन्हा म्हणाले.

“मासा नाही, तर मग डोळे कशाला लावलेत त्याला?” उमाने विचारलं.

केशवरावांनी हातातल्या चिमट्याकडे बघितलं. चिमटा पापड भाजायचा. त्यात एक रबरी मासा कमरेत धरलेला होता. पोपटी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, बोटापेक्षा थोडा लांब. पाणी निथळताना त्याची शेपटी थरथरत होती, आणि तो दोन्ही बाजूंच्या लाल डोळ्यांनी राजूरकरांचं स्वयंपाकघर बघून घेत होता. त्याचे भाऊबंद गॅसवरच्या पातेल्यात, गरम पाण्यात, शेजारी शेजारी पडले होते.

“डोळे मरळीसाठी असतात,” केशवराव म्हणाले. “मरळ शिकारी. लहान मासा दिसला की आधी डोळे बघते, मग झडप घालते.”

“म्हणजे मरळीला तो मासा वाटला तर ती हुशार. मला वाटला की मी अडाणी.”

“अडाणी कोण म्हणतंय? मी वस्तुस्थिती सांगतोय. हे गळाला लावायचं प्लास्टिक आहे. तू मखराला प्लास्टिकचा झेंडू लावतेस, तो चालतो ना?”

“झेंडूला शेपटी नसते.”

दारात अंतरा डबा हातात घेऊन उभी होती. ती बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करायची आणि रोज रेल्वेने जायची. गाडीची वेळ होत आली होती, पण निकाल लागल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता.

“आई, तसं बघितलं तर बाबांचं...”

“तू तुझ्या तुरीकडे बघ.”

“वास तरी घेऊन बघ,” केशवरावांनी चिमटा पुढे केला. “बडीशेप. माशांना हा वास आवडतो. कोळंबीच्या वासाचे पण मिळत होते आणि ते स्वस्त होते. पण मी म्हटलं, नको, आपल्या घरात उमा आहे. तुझ्यासाठी म्हणून मुद्दाम बडीशेपेचे मागवले.”

“माझ्यासाठी? मी खाणारे का ते?”

अंतराला हसू आलं. ते लपवायला ती चपला शोधू लागली.

माशांचा गुन्हा तसा लहान होता. खरा गुन्हा पातेल्याचा होता. डब्यात कोंबून ठेवले की ह्या रबरी माशांच्या शेपट्या वाकतात. वाकडी शेपटी पाण्यात नीट हलत नाही, आणि शेपटी नीट हलली नाही की मरळ ढुंकून बघत नाही. मग त्यांना गरम पाण्यात सोडून सरळ करावं लागतं. त्यासाठी पसरट, सपाट बुडाचं भांडं हवं. केशवरावांनी सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं, आणि माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळलेलं, त्यांना नेमकं हवं तसं पातेलं मिळालं. पितळी, कल्हई केलेलं, एखाद्या लहान परातीएवढं पसरट. वर्षभर ज्याला कोणी हात लावत नाही ते भांडं घेतलं तर कोणाची अडचण होणार, असा त्यांनी विचार केला. एवढा विचार करूनही, वर्षभर त्याला हात का लावत नाहीत, ह्याचा विचार मात्र त्यांनी केला नाही.

ते महालक्ष्म्यांचं पातेलं होतं. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की त्यात ज्वारीची आंबील शिजायची, सोवळ्यात. सण झाला की चिंचेने घासून, पुसून ते पुन्हा माळ्यावर जायचं. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात नाव घातलेलं होतं, ‘सौ. उषा हिच्याकडून’. सौ. उषा म्हणजे केशवरावांची थोरली बहीण, उमाची नणंद, राहणार अंबड. दर महालक्ष्म्यांना उषाबाई यायच्या, पातेलं उचलून काठ उजेडाकडे फिरवायच्या आणि म्हणायच्या, “बघ उमा, अजून नाव दिसतंय.” सण नऊ दिवसांवर आला होता.

“वन्संना मी काय सांगू?” उमा म्हणाली.

“सांगूच नकोस. आक्काला कुठे कळणार आहे?”

“आणि महालक्ष्म्यांना?”

केशवरावांनी चिमट्यातला मासा पुन्हा पाण्यात सोडला.

केशव राजूरकर हा माणूस एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब सांभाळत निवृत्त झाला होता. जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांना तोटा नाही, पण ताळेबंद जुळेपर्यंत खुर्चीतून न उठणारा माणूस म्हणून केशवरावांचं नाव होतं. निरोप समारंभात साहेब म्हणाले, राजूरकरांच्या नजरेतून काही सुटत नाही. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नजरेसमोर तपासायला उरली एकटी उमा.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे बाराखडीप्रमाणे लावले. मटकी, मसूर, मीठ, मेथी, मोहरी असे सगळे एका रांगेत, एका मापाच्या डब्यांत. उमाने सवयीने हात घातला आणि फोडणीत मोहरीच्या जागी मेथी पडली. त्या दिवशीची आमटी अंतरानेसुद्धा न बोलता बाजूला सारली. मग केशवराव गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर चढवू लागले. मग ते हात पाठीमागे बांधून ओट्याशी उभे राहू लागले. “तिसरी शिट्टी जरा दबकी झाली नाही का?” “दुधावर झाकण ठेवलंस तर वाफ वाया जाणार नाही.” “तेल दोन पळ्या घातलंस. काल दीड होतं.” त्यांच्या आवाजात राग नसायचा. उमाला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. रागावलेल्या माणसाला उलट बोलता येतं. मदत करणाऱ्याला काय बोलायचं?

शेवटी तिने पुण्याला मुलाला, शौनकला फोन केला. “तुझ्या बाबांना कशाचा तरी नाद लावून दे,” ती म्हणाली. “कशाचाही चालेल.”

हे ती म्हणाली होती, आणि तिला ते चांगलं आठवत होतं.

शौनक बापाला घेऊन एका रविवारी मित्रांबरोबर तळ्यावर गेला. येताना केशवरावांच्या खांद्याला एक लांब पिशवी होती. उमाला वाटलं, बासरी असेल. पिशवीतून निघाला गळ टाकायचा रॉड, रीळ, बारीक दोऱ्याचं रीळभर ओझं, आणि पारदर्शक पाकिटांत झोपवलेले रबरी मासे.

तीन पिढ्यांत ज्या घरात अंडं फुटलं नव्हतं, केकसुद्धा विचारून आणला जायचा, त्या घरात हे. “पकडायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा,” केशवराव म्हणाले. “कोणाचा जीव जात नाही.”

“मग पकडायचाच कशाला?”

“त्यात कौशल्य आहे.”

उमाने मान्य केलं, कारण कौशल्य दाखवायची जागा सोमठाण्याचं धरण होती. तिकडे पहाटे निघावं लागायचं आणि परत यायला दुपार व्हायची. आधी फक्त रविवार होता. मग बुधवारही आला. उमाने काही म्हटलं नाही तेव्हा शुक्रवारही आला.

तालीम गच्चीवर व्हायची. रॉड मागे न्यायचा, झटक्यात पुढे आणायचा आणि मासा समोरच्या बादलीत टाकायचा. बादली रिकामीच राहिली, पण कठड्यापलीकडे दुर्गाबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत एक पोपटी मासा जाऊन पडला. दुर्गाबाईंनी त्या ओळीतल्या सगळ्या कुरडया गाईला घातल्या. उमाला सांडग्यांचा एक डबा द्यावा लागला. मुखवासाचा डबाही गेला. केशवरावांनी त्यात मासे ठेवले आणि उन्हाळ्यात मासे आणि डबा एकमेकांत विरघळले. एक मासा अजून त्याच्या तळाशी चिकटलेला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

रात्रीच्या जेवणात केशवराव समजावून सांगायचे. “ओढायचं हळू. घाई केली की संपलं. शेपटी नुसती हलली पाहिजे, अशी.” आणि ते आमटीच्या वाटीतून चमचा हळूहळू ओढून दाखवायचे. अंतरा म्हणायची, “बाबा, लागली बघा, कोथिंबीर.”

ह्या सगळ्यात एक गोष्ट उमाच्या पथ्यावर पडली होती. केशवरावांना मासा मिळतच नव्हता. पूर्ण पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गळाला शेवाळ आलं, एक चप्पल आली, कोणाची तरी फाटकी जाळी आली. कोणी विचारलं की उमा सांगायची, “धरणावर फिरायला जातात. हवा चांगली असते.” आणि ते खोटं नव्हतं. घराचं शाकाहारीपण केशवरावांच्या अपयशाच्या बळावर सुखरूप होतं.

आणि उमाच्या सकाळीसुद्धा. त्या तीन दिवशी ती रेडिओ लावायची, शिळ्या भाकरीचा चुरा तेल सढळ घालून परतायची, आणि स्टुलावर पाय ठेवून कढईतूनच खायची. तेल किती घातलं हे विचारायला घरात कोणी नसायचं. एवढंच सुख. पण लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बाईला ह्याहून मोठं सुख मागावंसं वाटत नाही.

पातेल्याच्या भांडणात ती हेच विसरली.

“ह्या वयात,” ती म्हणाली, “माणसाने रबराच्या खेळण्यांशी खेळावं, आणि तेसुद्धा देवाच्या भांड्यात. तुम्हाला दुसरं काही कामच उरलेलं नाही.”

केशवरावांनी गॅस बंद केला. एकेक मासा चिमट्याने काढला, ओट्यावरच्या फडक्याने टिपला (ते फडकंही गेलंच म्हणायचं, उमाच्या मनात आलं) आणि ओळीने वर्तमानपत्रावर ठेवला. सगळ्यात शेवटचा, जरा चावल्यासारख्या अंगाचा, त्यांनी थोडा वेळ हातात धरून ठेवला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “आजपासून बंद.”

त्यांनी रॉड पिशवीत घातला आणि पिशवी कपाटावर टाकली. अंतराची गाडी चुकली होती. तिने चपला काढल्या आणि आईकडे बघितलं.

“संध्याकाळपर्यंत उतरवतील खाली,” उमा म्हणाली.

पण केशवरावांनी एकेकाळी सुपारी अशीच सोडली होती, दुपारच्या जेवणानंतर, एका वाक्यात. तेव्हापासून पुन्हा कधी तोंडात घातली नव्हती. हे उमाला दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आठवलं, जेव्हा ती ओट्याशी आली आणि केशवराव अंघोळ करून, हात पाठीमागे बांधून तिथे आधीच उभे होते.

“मी आता मोकळाच आहे,” ते म्हणाले. “यंदा लक्ष्म्यांची तयारी आपण दोघं मिळून करू.”

उमाचा हात चहाच्या डब्यावर थांबला. डबा ‘च’मध्ये होता.

त्यांनी तयारी केली, आणि मन लावून केली. अनारशाचं पीठ किती भिजलं हे त्यांनी रोज बोट घालून बघितलं. करंज्या एका मापाच्या व्हाव्यात म्हणून त्यांनी अंतराची जुनी मोजपट्टी धुऊन आणली. चकलीला वेढे किती असावेत ह्यावर त्यांचं मत होतं. तळणीजवळ उभं राहून ते म्हणायचे, “अजून अर्धा मिनिट. अजून... हां, काढ.” महालक्ष्म्यांचे मुखवटे कशाने उजळतात ह्यावर त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला आणि उमाला दोनदा दाखवला. अंतरा लवकरची गाडी पकडू लागली.

बुधवारी उमाने खिडकीतून बाहेर बघत सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “आज आभाळ भरून आलंय.”

“हो,” केशवराव शंकरपाळे कापत म्हणाले.

“ढगाळ असलं की मरळ वर येते म्हणता ना तुम्ही?”

“येत असेल. हे चौकोन बघ, तुझे जरा तिरके जातात.”

शुक्रवारी तिने कपाट झाडायच्या निमित्ताने ती लांब पिशवी खाली काढून पलंगावर ठेवली. केशवरावांनी ती उचलली, झटकली आणि पुन्हा वर ठेवली, जास्त आत सारून. “धूळ बसते,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांत, दुखावलेली प्रसन्नता होती. उमाला ती ओळखीची होती. असा माणूस वर्षानुवर्षं मदत करू शकतो.

पातेलं तिने चिंचेने, राखेने, पुन्हा चिंचेने घासलं होतं आणि ओट्याखाली पालथं घातलं होतं. त्याचं काय करायचं हे ठरत नव्हतं. एकदा तिला वाटायचं, प्लास्टिकच तर होतं. पण मग भांडण ती हरली असं झालं असतं. आणि केशवराव घरातल्या घरात जिंकलेले हिंडले असते. ते तर आणखी वाईट.

सणाच्या चार दिवस आधी केशवराव नारळ आणायला बाजारात गेले. ते प्रत्येक नारळ कानाशी धरून वाजवून घ्यायचे, म्हणजे निदान तासभर तरी निश्चिंती होती. उमाने भाकरीच्या चुऱ्यासाठी कढई ठेवली, तेवढ्यात दार वाजलं.

दारात रामप्रसाद होते. एसटीत कंडक्टर होते. केशवरावांच्या आधी वर्षभर निवृत्त झालेले. धरणावरची ओळख. हातात मक्याच्या कणसांची पिशवी.

“वहिनी, सायबाची तब्येत बराबर हाय ना?” त्यांनी दारातूनच विचारलं. “मागच्या इतवारपास्नं आले न्हाईत. फोन लावला तं ‘बंद केलं’ म्हणले. मंग म्हणलं, जाऊन बघावं, काही दुखून-खुपून राह्यलं का काय.”

“काही दुखत नाही. या, बसा. नारळ आणायला गेलेत.”

रामप्रसाद खुर्चीच्या कडेला बसले. “बंद कशापायी केलं म्हणावं? आत्ता तं हात बसला व्हता. एवढी मरळ लागल्यावर कोणी बंद करतं का?”

उमाने पाण्याचा पेला पुढे केला आणि तो तसाच हातात राहिला. “कोणती मरळ?”

“घ्या. सांगितलं न्हाई का घरी?” रामप्रसादांनी पेला आपणच तिच्या हातातून घेतला. “माझ्या मांडीएवढी मरळ लागल्ती, वहिनी. त्या पोपटी माशाला. सायबांनी सोडला पाणगवताच्या कडंला, वढू राह्यले हळू हळू, आन् पाणी फुटलं असं, भस्सकन. रॉड वाकला. मी म्हणलं, सायेब, ढील द्या, ढील द्या. पन त्यांनी काय आयकलं? बराबर आणली काठाला.”

“मग?”

“मंग काय. मी पिशवी काढली. म्हणलं, रस्सा करू, तुम्ही न्हाई खात तं मी खाईन, तुमच्या नावानं. तं सायेब गुडघाभर पाण्यात घुसले, बुटासगट. गळ काढला तिचा, आन् तिला दोन हातात धरून उभे राह्यले, पाण्यातल्या पाण्यात, लेकराला अंघोळ घालावं तसं. काय तरी बोलले पन तिच्यासंग. मला न्हाई आयकू आलं. मंग ती गेली.” रामप्रसादांनी पेला खाली ठेवला. मरळ गेली हे त्यांना अजून सहन होत नसावं. “घरी येईपर्यंत गाडीत नुसते हसू राह्यले. तो चावलेला मासा खिशात ठेवला व्हता, त्याला घडोघडी हात लावून बघायचे. म्हणले, ह्याला जाऊन सरळ करतो.”

“म्हणजे मागच्या रविवारी?”

“हां. दुसऱ्या दिशी फोन केला तं बंद केलं म्हणले.”

सोमवारीच सकाळी भांडण झालं होतं. उमाला तो शेवटचा मासा आठवला, चावल्यासारख्या अंगाचा.

रामप्रसाद कणसं ठेवून गेले. उमाने गॅस बंद केला. चुरा तसाच राहिला. तिला राग आला होता, आणि आधीच्या रागापेक्षा हा वेगळा होता. एवढी मोठी गोष्ट ह्या माणसाच्या हातून घडली, रॉड वाकला, बूट भिजले, आणि ती रामप्रसादांना माहीत, धरणावरच्या गुराख्यांनाही माहीत असेल, आणि तिला नाही. रविवारी दुपारी ते घरी आले तेव्हा तिने काय विचारलं होतं? बूट ओले कसे झाले, एवढंच.

संध्याकाळी ती वाती वळत बसली होती. केशवराव समोर नारळ लहान-मोठे लावत होते. अंतरा तुरीच्या शेंगा सोलल्यासारख्या लसणाच्या पाकळ्या सोलत होती.

“किती मोठी होती?” उमाने वातीवरून मान न उचलता विचारलं.

“कोण?”

“मरळ.”

केशवरावांच्या हातातला नारळ घरंगळला. “रामप्रसाद आला होता वाटतं.”

“किती मोठी होती ते विचारलं मी.”

केशवरावांनी दोन्ही हात समोर धरले. थोडा विचार केला आणि हात किंचित लांब केले. मग, अधिक अचूक व्हावं म्हणून, आणखी.

“बाबा, ती वाढतेय,” अंतरा म्हणाली.

“मला का नाही सांगितलं?” उमा म्हणाली.

“तुला काय सांगणार? तू म्हणाली असतीस, आधी अंघोळ करून या.”

“म्हणालेच असते. अंघोळ करून या आणि मग सांगा, असं म्हणाले असते.”

केशवरावांनी घरंगळलेला नारळ पुन्हा ओळीत लावला. मग कोणी न विचारता, नारळांकडे बघत म्हणाले, “तिचे डोळे अगदी तसे नसतात, त्या रबराच्या माशांसारखे. माणसासारखी बघते. मी म्हटलं तिला, माफ कर बाई, चूक झाली.” आणि मग, “पण पुन्हा लागावी असं वाटतंच.”

“मग जा की रविवारी,” उमा म्हणाली.

“नाही. एकदा बंद म्हटलं की बंद.” आणि त्यांनी एक नारळ उचलून कानाशी धरला. “ह्यात पाणी कमी आहे. उद्या बदलून आणतो. तसंही उद्या मी तुला पुरणाचं गणित मांडून देणार आहे, डाळीला गूळ किती ते.”

उमा त्या रात्री वाती वळत राहिली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाजारात जाऊन आली आणि काय आणलं ते कोणाला दाखवलं नाही.

उषाबाई त्याच दुपारी अंबडच्या बसने आल्या. हातपाय धुतले, साडी बदलली आणि सरळ स्वयंपाकघरात. तिथे केशवराव पाटावर बसून बेसनाच्या लाडवांना एकसारखा आकार देत होते.

“अरे, केशव,” उषाबाई कौतुकाने उभ्याच राहिल्या. “किती रे हातभार लावतोस बायकोला. आमच्याकडे पेला उचलून ठेवत नाहीत. निवृत्त झालास ते उमाच्या नशिबाने झालास.”

“आता वेळच वेळ आहे, आक्का,” केशवराव म्हणाले. “दिवाळीचा फराळ पण यंदा मीच बघणार आहे. सगळा. मी तर म्हणतो रोजच्या स्वयंपाकाचंही एक नियोजन बसवून टाकावं, आठवड्याचं.”

ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या उमाची पाठ ताठ झाली. अंतराने ते बघितलं आणि सांडशी खाली ठेवली.

“बरं, माझं पातेलं काढलंस ना गं?” उषाबाईंनी ओट्याखाली वाकून ते स्वतःच ओढलं, काठ खिडकीकडे फिरवला. “बघ, अजून नाव दिसतंय. आणि काय गं, बडीशेपेचा वास येतोय का ह्याला?”

केशवरावांच्या हातातला लाडू फुटला.

उमा वळली, पदराला हात पुसले आणि एका सुरात, भाजीत मीठ घालायला सांगावं तसं, बोलली.

“वन्सं, ते पातेलं यंदा लक्ष्म्यांना नाही. ह्यांनी त्यात मासे उकळलेत. रबराचे आहेत, पण डोळ्यांसकट आहेत. ते पातेलं आजपासून माशांचं, गच्चीवरच्या खोलीत राहील, आणि शेपट्या सरळ करायच्या त्या तिथेच, माझ्या गॅसवर नाही. आंबिलीला मी सकाळी नवं आणलंय, त्याच्यावर माझं नाव घालून घेतलंय. अंतरा, कपाटावरची पिशवी खाली काढ. आणि तुम्ही ऐका. सणाचे तीन दिवस झाले की रविवार, बुधवार, शुक्रवार धरणावर जायचं, आभाळ असो की ऊन. दुपारच्या आत घरी यायचं नाही. आल्यावर आधी अंघोळ, मग मरळ किती मोठी होती ते मला सांगायचं.”